एक सप्टेंबर एकोणीसशे चाळीस

शाळेत इतिहासाच्या ज्या तारखा पाठ करून घेतल्या जातात, त्यांत १ सप्टेंबर १९४० ही तारीख आढळत नाही. त्या दिवशी आपल्याकडे कोणता तह झाला नाही, कोणी गादीवर बसले नाही, कोणी गादीवरून उतरलेही नाही. युरोपातील महायुद्धास मात्र त्या दिवशी बरोबर एक वर्ष पुरे झाले. असे असूनही मुंबई राज्यातील असंख्य घरांवर ह्या एका दिवसाने पन्नासाहून अधिक वर्षे अंमल गाजविला. त्या दिवशी खोलीचे जे भाडे चालू होते तेच तिचे प्रमाणभूत भाडे, असे १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने ठरविले, आणि मग जगात काय वाटेल ते झाले तरी त्या खोलीपुरता काळ तेथेच उभा राहिला.

ह्या विषयावर लिहिताना तटस्थतेचा आव आणणे मला शोभणार नाही. साताऱ्यास आमचा एक जुना वाडा आहे. तेव्हा मी घरमालकाच्या पक्षाचा. पण माझे आजोळ सांगलीस गावभागात, भाड्याच्या दोन खोल्यांत होते, आणि माझ्या बाळपणीच्या सगळ्या उन्हाळी सुट्ट्या तेथे गेल्या. तेव्हा वर्षातील दीड महिना मी भाडेकरूच्याही पक्षाचा. साताऱ्यास जी गोष्ट अन्याय म्हणून ऐकावयाची, तीच सांगलीस न्याय म्हणून ऐकावयाची, असा माझ्या शिक्षणाचा क्रम होता.

आमच्या साताऱ्याच्या घरात भाड्याची एक लांबट वही आहे. तीत माझे आजोबा, ज्यांना सारे नाना म्हणत, त्यांच्या हातच्या नोंदी आहेत. १९४० पूर्वीच्या पानांवर ‘भाडेकरू’ हा शब्द क्वचितच येतो. तेथे ‘बिऱ्हाडकरू’ असा उल्लेख असतो. ह्या दोन शब्दांत पुष्कळ अंतर आहे. भाडेकरू म्हटले की पैशाचा व्यवहार तेवढा डोळ्यांपुढे येतो. बिऱ्हाड म्हटले की चूल येते, पाळणा येतो, मागील दाराची तुळस येते. सातारचे राज्य १८४८ साली खालसा झाले. दरबार मोडला, पण शनिवार, मंगळवार, यादोगोपाळ इत्यादी पेठांतील वाडे जागच्या जागी राहिले, आणि शहर जिल्ह्याचे ठाणे झाल्यामुळे कचेऱ्या, न्यायालये व शाळा ह्यांच्याबरोबर बाहेरगावचा कारकून, वकील आणि मास्तर तेथे आला. त्यास राहावयास जागा हवी होती. वाड्याच्या धन्यास रोख पैसा हवा होता. पुढच्या सोप्यावर मालक, मधे चौक, मागील सोप्यावर दोन-दोन खणांची बिऱ्हाडे, आणि आड व शौचकूप सर्वांस मिळून एक, अशी ही मांडणी होती. मालकाच्या घरी श्राद्ध असले तर बिऱ्हाडकरणी पुरण वाटू लागत, आणि बिऱ्हाडात बाळंतीण असली तर न्हाणीचा बंब मालकाच्या घरातून जाई.

हे चित्र अधिक गोड रंगविण्याचा मोह मला होतो, पण ती वहीच तो होऊ देत नाही. ‘दिवाळीपर्यंत जागा खाली करण्यास सांगितले’ अशी नोंद तीत चार ठिकाणी आहे, आणि कारण एकाही ठिकाणी दिलेले नाही. कारण देण्याची गरजच नव्हती. बिऱ्हाडकरूंची नावे वाचली तर ती सारी एकाच जातीची आहेत, हेही लपून राहत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. त्या मुलांपैकी बहुतेकांस आमच्या पेठेत कोणी खोली दिली नसती. कायदा येण्यापूर्वी मालक व बिऱ्हाडकरू गुण्यागोविंदाने नांदत, असे आमच्या पक्षाचे लोक नेहमी सांगतात. नांदत हे खरे. पण नांदावयास आत कोणास घ्यावयाचे आणि केव्हा बाहेर काढावयाचे, हे एकटा मालक ठरवीत असे.

आता कायद्याकडे वळू. भाडे बांधून देण्याची कल्पना आपल्याकडे उपजली नाही. पहिल्या महायुद्धात स्कॉटलंडातील ग्लासगो शहरी दारूगोळ्याच्या कारखान्यांमुळे मजुरांची गर्दी झाली व घरमालकांनी भाडी वाढविली, तेव्हा तेथील बायकांनी भाडे न भरण्याचा निर्धार केला. जप्तीस येणाऱ्या बेलिफांस त्यांनी दारातून परत लाविले. त्याच वर्षी, म्हणजे १९१५ साली, ब्रिटिश पार्लमेंटने भाडी गोठविणारा कायदा केला. मुंबईत १९१८ साली तशाच स्वरूपाचा कायदा झाला. युद्ध संपल्यानंतर काही वर्षांनी तो मावळला. दुसऱ्या युद्धाच्या वेळी १९३९ व १९४४ साली पुन्हा कायदे झाले, आणि शेवटी बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात १९४७ चा कायदा झाला. तो १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलात आला. कोणत्या गावास तो लागू, हे परिशिष्टे व अधिसूचना ह्यांवर अवलंबून असे. त्याचा सारांश घरगुती भाषेत सांगावयाचा तर इतकाच: बांधलेले भाडे भाडेकरू देत आहे तोवर त्यास हलवावयाचे नाही, मालकास स्वतःच्या राहण्यासाठी जागा खरोखरच हवी असेल तर ते न्यायालयात सिद्ध करावयाचे, आणि तेव्हाही कोणाची अडचण अधिक हे न्यायाधीशाने तोलून पाहावयाचे, पागडी घेणे गुन्हा, पावती न देणे गुन्हा. भाडेकरू वारला तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाकडे हा हक्क जावयाचा.

ह्यात वावगे काय आहे? मला विचाराल तर त्या वेळी काहीच नव्हते. युद्धाने महागाई आली होती, फाळणीने निर्वासित आले होते, सिमेंट-लोखंड मिळत नव्हते. खोली हातची गेली तर दुसरी मिळण्याचा संभव नव्हता. हा कायदाही मुदतीचा होता. ती मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली, हा पुढचा भाग.

त्या फेब्रुवारी महिन्याविषयी मात्र थोडे थांबून लिहिले पाहिजे, कारण सातारा-सांगलीच्या इतिहासात तो महिना साधा नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. मारेकरी महाराष्ट्रीय ब्राह्मण असल्याचे कळताच दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांची जाळपोळ झाली. व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’ ही कादंबरी ज्यांनी वाचली आहे त्यांस ते दिवस सांगावयास नकोत. कृष्णाकाठच्या एका गावातील माझ्या आईच्या वडिलांचे, आमच्या अण्णांचे, घर त्यात गेले, आणि अण्णा बायकामुलांसह सांगलीस आले. तेव्हा सांगली पटवर्धनांचे संस्थान होते. ते ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. हत्या, जाळपोळ, भाड्याचा कायदा आणि संस्थानाचे विलीनीकरण ह्या साऱ्या गोष्टी सहा आठवड्यांच्या आत घडल्या. जे कालपर्यंत गावचे जमीनमालक होते, असे पुष्कळ लोक त्या काळात शहरात येऊन भाडेकरू झाले.

अण्णांची जमीन कुळाकडे होती. १९४८ चा कुळकायदा व त्याची पुढील दुरुस्ती ह्यांनी १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरविला, आणि त्या दिवसापासून कसणारे कूळ जमिनीचे खरेदीदार मानले गेले. अण्णांची जमीन गेली. किंमत हप्त्यांनी मिळाली, आणि ती किती तुटपुंजी होती हे त्यांच्या तोंडून मी इतके वेळा ऐकले की आकडा सोडून बाकी सारे मला पाठ झाले. ‘सरकारने दुसऱ्याच्या खिशातून दानधर्म केला’ हे त्यांचे ठरलेले वाक्य. पण ह्याच अण्णांनी भाडेनियंत्रणाच्या कायद्याची छापील प्रत खाकी कागदाचे वेष्टण घालून ट्रंकेत जपून ठेवली होती. त्यांच्या घरमालकाने, तो हळदीचा व्यापारी होता, भाडे वाढविण्याची गोष्ट काढली की अण्णा शांतपणे ट्रंक उघडीत. ‘शेठजी, कायदा आहे. तुमच्या-माझ्या मर्जीची ही गोष्ट राहिली नाही,’ असे ते म्हणत. तो बिचारा हसत खाली मान घालून जिना चढून जाई. मी एकदा न राहवून विचारले, ‘अण्णा, मग ह्याच्याही खिशातूनच नाही का?’ अण्णा माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, ‘तू साताऱ्याच्या घरचा शोभतोस.’

अण्णांस ढोंगी म्हणावे असे मला वाटत नाही. त्यांचे एक घर जळाले होते. दुसऱ्यातून कोणी हलवू शकणार नाही एवढी खात्री त्यांना हवी होती, आणि ती त्या खाकी वेष्टणात होती. शिवाय त्या हळदीच्या व्यापाऱ्याचे व त्यांचे वैर असे कधी झाले नाही. कृष्णेस पूर आला आणि आयर्विन पुलाजवळ पाणी वाढू लागल्याची वर्दी आली की गावभागातील तळमजल्याचे लोक सामान वर चढवीत. आमच्या आजीचे पाट-वरवंट्यापासून सारे सामान त्या मालकाच्या माडीवर जाई आणि दोन-तीन दिवस दोन्ही चुली एक होत. भाड्याचा विषय पाणी ओसरल्यावर पुन्हा निघे.

शेताचे कूळ आणि घराचा भाडेकरू ह्या दोघांस कायद्याने निरनिराळ्या रीतीने वागविले, ही गोष्ट फारशी कोणी ध्यानात घेत नाही. कुळास त्याने मालक केले, जुन्या मालकास थोडीबहुत किंमत देवविली आणि प्रकरण मिटविले. घराच्या भाडेकरूस मालक केले नाही; मालकाची मालकी कागदावर जशीच्या तशी ठेवून तिचे उत्पन्न तेवढे गोठविले. पहिल्या रीतीने एक तडा गेला, तो दिसला, त्यावर रडून झाले. दुसऱ्या रीतीने दोन कुटुंबे एका छपराखाली एकमेकांस बांधली गेली. एकाला जाता येईना, दुसऱ्याला घालविता येईना. ह्यांतील अधिक कठोर कोणती, ह्याविषयी सांगलीत एक मत होते व साताऱ्यात दुसरे.

साताऱ्यास आमच्या मागील सोप्यावर दोन बिऱ्हाडे होती. एक मास्तरांचे. दुसरे कलेक्टर कचेरीतील एका कारकुनाचे; तो लवकर वारला व त्याची बायको दोन मुलींसह राहिली. तिला आम्ही मागच्या काकू म्हणत असू. दोन खणांचे भाडे दरमहा सात रुपये. १९४० च्या सप्टेंबरच्या पानावर ‘रु. ७’ असे आहे, आणि नानांनंतर वडिलांच्या अक्षरात पाने उलटत गेले तरी ते ‘रु. ७’ हलत नाहीत. वाढलेल्या घरपट्टीचा वाटा भाडेकरूकडून घेण्याची मुभा कायद्यात होती. नानांनी भिडेपोटी ती कधी वापरली नाही.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. मी आठ वर्षांचा होतो. आम्ही सारे चौकात येऊन उभे राहिलो तोच मागील सोप्याची परसाकडील भिंत बसली. काकूंच्या धाकट्या मुलीस वडिलांनी पांघरुणासकट उचलून आणले होते. सकाळी नानांनी गवंडी बोलाविला. त्याने माती, दगड, दोन तुळया व मजुरी ह्यांचा हिशेब सांगितला तो असा होता की मागील सोप्याचे कित्येक वर्षांचे भाडे एकत्र केले तरी त्यात बसेना. भिंत दुरुस्त करणे कायद्याने मालकाचे कर्तव्य होते, आणि ते योग्यच होते. पण ज्या भाड्यातून ते करावयाचे ते १९४० चे आणि गवंडी १९६७ चा. शेवटी नानांनी आजीच्या पाटल्या मोडल्या, मास्तरांनी व काकूंनी महिनाभर मातीची घमेली वाहिली, आणि भिंत उभी राहिली. त्या भिंतीत आमच्या वाड्याचे शेवटचे बिऱ्हाडपण गेले, असे मला पुढे वाटू लागले.

कारण नानांच्या मागे कारभार वडिलांकडे आला, आणि वडील वकिलाकडे गेले. एव्हाना मास्तरांच्या मुलाने गावाबाहेर स्वतःचा बंगला बांधला होता व आमच्याकडील दोन खणांस कुलूप लावून तो महिन्याचे सात रुपये नेमाने पाठवीत होता. अशा भाडेकरूकडून जागा परत मागण्याचे कलम कायद्यात होते. पण कलम असणे निराळे आणि दावा चालविणे निराळे. वकिलांनी सल्ला दिला की नोटीस द्यावयाची तर दोघांसही द्यावी, एकास दिल्याने प्रकरण दुबळे दिसते. वडिलांनी ते ऐकले. काकूंच्या हाताची भाकरी त्यांनी कैक वेळा खाल्ली होती. नोटीस दिली त्या दिवशी ते जेवले नाहीत, एवढे मला आठवते.

दावा लागल्यावर भाडे स्वीकारणे अडचणीचे, असेही वकिलांनीच सांगितले. मग काकू पोस्टात जाऊन सात रुपयांची मनिऑर्डर करीत. पोस्टमन ती आमच्या पुढच्या दारी आणी, वडील ‘नाकारली’ असे लिहून देत, आणि दोन दिवसांनी तोच पोस्टमन चौकातून जाऊन ते सात रुपये मागील सोप्यावर काकूंच्या हाती परत ठेवी. चौक ओलांडावयास वीस पावले पुरत. तेवढे अंतर दोन कुटुंबांनी अनेक वर्षे टपालखात्यामार्फत चालविले. ह्या काळात दोन्ही घरांतील हळदीकुंकू बंद पडले. आड मात्र एकच असल्यामुळे पाणी भरण्याच्या वेळा आपोआप ठरल्या, म्हणजे एकमेकींचे तोंड पाहावे लागू नये अशा.

अकरा वर्षांनी तडजोड झाली. मास्तरांच्या मुलाने जागा सोडली. काकूंवरील दावा वडिलांनी काढून घेतला. सुटलेले दोन खण पुन्हा भाड्याने देण्याचे धैर्य मात्र वडिलांस झाले नाही. १९७३ साली कायद्यात अशी दुरुस्ती झाली होती की त्या वर्षी १ फेब्रुवारीस जे केवळ परवान्याने, म्हणजे ‘लीव्ह अँड लायसन्स’ने राहत होते, तेही भाडेकरू मानले जावेत. ज्यांनी कायदा चुकविण्यासाठी ही पळवाट काढली होती त्यांना तो चांगला धडा मिळाला, ह्यात शंका नाही. पण त्याने धसका घेतलेल्या आमच्यासारख्यांनी खोल्यांस कुलपे घातली. साताऱ्यात त्या काळी जागा मिळत नाही अशी ओरड होती आणि आमच्या पेठेतच अशी कुलपे मी पाचसात मोजू शकलो असतो.

ह्या साऱ्यात माझे म्हणणे एवढेच आहे की कायदा चुकला नाही, तारीख चुकली. भाडेकरूस मर्जीने हाकलता येऊ नये, पावती मिळावी, पागडीचा जुलूम होऊ नये, ह्यांतील एकही गोष्ट मी परत घेऊ इच्छीत नाही. परंतु गरिबास स्वस्त निवारा देणे हे सरकारचे काम. मुंबईत डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० नंतर २०७ चाळी बांधल्या, तेव्हा ते सरकारी पैशाने झाले. साताऱ्यास ते काम आमच्या मागील सोप्यावर सोपविले आणि त्याचा खर्च नानांनी पाटल्यांतून भागविला. शिवाय मुंबईत शंभर खोल्यांचा मालक मलबार हिलवर राहतो, भाडेकरू गिरगावात. दोघांची तोंडओळखही नसते. तेथे गोठलेले भाडे हा हिशेबाचा प्रश्न. आमच्याकडे मालक व भाडेकरू एका आडाचे पाणी पितात. तेथे गोठलेले भाडे रोज सकाळी समोर उभे राहते. काकूंस दहा रुपये, पंधरा रुपये देणे कधी जड गेले नसते. त्यांनी मागाहून तसे आईस सांगितलेही. पण मागावयाचे कोणी? मागणे हाच गुन्हा होता.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य ह्यांच्या खटल्यात हीच गोष्ट सांगितली. १९४७ साली जे वाजवी होते ते काळाच्या ओघात अवाजवी झाले आहे, भाडी १९४० वर खिळवून ठेवणे मनमानीचे आहे, असा त्या निकालाचा आशय होता. तरी कायदा रद्द केला नाही. त्याची मुदत मार्च १९९८ अखेर संपणार असल्याने सुधारणा विधिमंडळावर सोपविली. नवा कायदा १९९९ चा. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि महाराष्ट्राच्या तिन्ही विभागांतील निरनिराळे भाडेकायदे त्याने एक केले. जुन्या भाड्यावर एकदा शेकडा पाच व मग दरवर्षी शेकडा चार वाढ घेण्याची मोकळीक त्याने दिली. वडिलांनी ते वर्तमानपत्रात वाचले, पेन्सिल घेतली आणि सात रुपयांचे शेकडा चार काढले. अठ्ठावीस पैसे आले. ते मोठ्याने हसले. त्या विषयावर हसताना मी त्यांस प्रथमच पाहिले. वाढ त्यांनी घेतली नाही.

काकू २००४ साली वारल्या. तेराव्यानंतर त्यांची थोरली मुलगी किल्ली घेऊन पुढच्या सोप्यावर आली. ‘भाऊ, आईने सांगून ठेवले होते,’ असे म्हणून तिने किल्लीबरोबर दोऱ्याने बांधलेले एक पुडके वडिलांपुढे ठेवले. लग्न होऊन त्या वाड्यात आल्यापासूनच्या सगळ्या पावत्या त्यात होत्या. दाव्याच्या वर्षांत पावत्यांऐवजी परत आलेल्या मनिऑर्डरींचे कागद होते. वडिलांनी वही मागविली व आम्ही दोघांनी महिना महिना ताडून पाहिला. एकही महिना चुकलेला नव्हता.

आता मागील सोप्यावर महाविद्यालयात शिकणारी दोन मुले अकरा महिन्यांच्या नोंदणीकृत कराराने राहतात. भाडे बँकेत जमा होते. करार संपत आला की दलालाचा फोन येतो.